वाडा थांबत नसतो

“ठकूवैनी औंदा गावातच राहत्याल,” असं येसूतात्या म्हणाले तेव्हा मी पिकअपच्या खाली उताणी पडले होते.

मी काही गाडी दुरुस्त करत नव्हते. आमची पिकअप दोन वर्षं अंगणात विटांवर उभी होती, आणि काळ्या कोंबडीने अंडी घालायला नेमकी तिच्या पोटाखालचीच जागा निवडली होती. मी अंडी गोळा करत होते. त्यामुळे तात्यांना मी दिसले नाही. मला मात्र त्यांच्या जाड वहाणा दिसत होत्या, आणि बाजेवर बसलेल्या माझ्या सासूचे लोंबकळणारे पाय दिसत होते. त्यातला डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड झाला होता.

येसूतात्या माझे चुलत सासरे आणि आमच्या वाड्याचे कारभारी. आम्ही माणदेशातले मेंढपाळ धनगर. आमच्यात वाडा म्हणजे घर नव्हे. दिवाळी झाली की पाच-सहा बिऱ्हाडं आपली मेंढरं, घोडी, कुत्री आणि कोंबड्या घेऊन मिळून कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. त्या फिरत्या गोतावळ्याला आम्ही वाडा म्हणतो. वाडा कधी हालणार, कुठे उतरणार, कोण बरोबर येणार आणि कोण मागे राहणार, हे कारभारी ठरवतो. एकदा त्याने ठरवलं की विषय संपला.

ज्याला चालवत नाही तो मागे राहतो, हा नियम. घरात ज्वारीचं पोतं भरायचं, मिरची-मीठ ठेवायचं, शेजारणीला ‘जरा बघत जा’ म्हणून सांगायचं आणि निघायचं. दिवाळीनंतर आमच्या आळीत अशा चार-पाच म्हाताऱ्या उरायच्या. सात महिन्यांनी वाडा परत यायचा तेव्हा त्यातली एखादी नसायची. कोणत्या महिन्यात गेली हेही कधीकधी नीट कळत नसे.

आदल्या खेपेला परतताना घाटात सासूचा पाय घसरला आणि खुबा मोडला. हाड सांधलं, पण वेडंवाकडं. काठी घेऊन अंगणापुरतं चालता यायचं. घोडीवर मांड टाकता येत नव्हती. तात्यांनी तेच मोजून सांगितलं. चालवत नाही, बसवत नाही, वाड्याने काय खांद्यावर न्यायचं का, असं ते म्हणाले.

“माझा पाय मोडलाय भावजी,” सासू म्हणाली, “मी न्हाई मोडली.”

“त्ये खरं हाय वैनी. पन वाडा थांबत नसतो.”

ती गप्प बसली हे मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. तिचा तो आखूड पाय हवेत नुसता हलत होता. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी पदरात चार अंडी धरून गाडीखालून सरपटत बाहेर आले.

“आत्ती गाडीतनं येत्याल,” मी म्हणाले.

तात्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. गाडीच्या टपावर कोंबडा उभा होता, बॅटरीची जागा रिकामी होती, आणि पुढच्या काचेला सासूने शेवया वाळवायची काठी टेकून ठेवली होती. तात्या हसले नाहीत. ‘आदी कोंबडीला तर इचार,’ असं म्हणून ते निघून गेले.

माझं आणि आत्तीचं, म्हणजे सासूचं, पटत नव्हतं, हे इथे सांगून टाकायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल आमची मायलेकींसारखी माया होती. ती मला दिवसातून वीस वेळा बोलायची. भाकरी जाड झाली, चूल धुमसती, घोडीचा तंग सैल बांधला, हसताना दात दिसतात. मी गप्प बसणारी नव्हते, एकाला दोन उत्तरं द्यायचे. आमच्या बिऱ्हाडाचं भांडण ऐकून बाकीची बिऱ्हाडं सकाळ झाल्याचं ओळखायची. म्हणून मी गाडी उभी करते म्हटल्यावर सगळ्या वाड्याला नवल वाटलं. तात्यांची बायको कोंडाकाकी तर सरळ येऊन म्हणाली, “आगं, सात म्हैनं तुझ्या डोस्क्याला सुख मिळालं आसतं. आपल्या हातानं कशापायी वढवून घेतीस?”

मी तिला सांगितलं, आत्ती नसली तर कोंबड्या कोण सांभाळणार. नवऱ्याला सांगितलं, मला गाडी चालवायची हौस आहे. भावाला आणखी तिसरंच काहीतरी सांगितलं. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही, कारण ते सांगायला लागले असते तर मला रडू आलं असतं, आणि रडत रडत नट आवळता येत नाहीत.

माझा भाऊ सिदू दहिवडीला गॅरेज चालवायचा, माझी लेकही शाळेसाठी त्याच्याकडेच असायची. लग्नाआधी मी त्याच्याच टेम्पोवर गाडी शिकले होते आणि पुढे हट्टाने लायसनही काढलं होतं. तो मोटारसायकलला वेल्डिंगचं मशीन बांधून घेऊन आला, त्याने पिकअपभोवती एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला. गाडी बारा-तेरा वर्षांची. दुष्काळात चारा वाहायला माझ्या नवऱ्याने एका कांदेवाल्याकडून घेतली होती, चारा संपल्यावर ती जिथे थांबली तिथेच राहिली.

“आक्का, हिला भंगारात घाल,” सिदू म्हणाला.

“आत्तीला पन लोकं तेच करायला निगाल्यात,” मी म्हणाले. मग तो मुकाट्याने पाने काढायला बसला.

दसरा ते दिवाळी आम्हाला वीस दिवस मिळाले. दिवसा वीज चार तास असायची, तेवढ्यात वेल्डिंग. बाकीच्या वेळात हातानं होण्यासारखं सगळं मी करायचे. इंजिनात उंदरांनी घर केलं होतं, ते मी काढलं. वायरी कुरतडल्या होत्या, त्या सिदूने नव्या ओढल्या. ब्रेकचे लायनर बदलले, क्लचप्लेट बदलली. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये दोन्ही बाजूंना एकेक पट्टी वाढवली, म्हणजे ओझं टाकलं तरी गाडी बसायची नाही. भंगारातल्या एका एसटीची सीट मिळाली, ती पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवली, आणि तिची डावी बाजू दोन बोटं उंच केली. पायरी फार वर होती, म्हणून बिजागरीवर खाली दुमडून येणारी आणखी एक पायरी केली. मागच्या हौद्यात लोखंडी अँगल उभे करून वर फळ्यांचा माळा घातला. खाली माणसाची भांडीकुंडी किंवा मोठं जनावर, वर माळ्यावर कोकरं, अशी माझी योजना होती. नवरा संध्याकाळी मेंढरं घेऊन यायचा, काम बघायचा आणि म्हणायचा, “तुझ्या मनाला यील त्ये कर. फकस्त तात्याला माझं नाव सांगू नगंस.” स्वभावाने तो असाच होता, त्याच्या मेंढरांसारखाच मऊ.

आत्ती बाजेवर बसून देखरेख करायची. पायरी वाकडी आहे. सीट एवढी मऊ कशाला, झोप लागेल. माळा फार उंच केलास, कोकरू पडलं तर मान मोडेल. हे म्हणणं बरोबर होतं, पण मी तिला तसं सांगितलं नाही, ती आत गेल्यावर माळ्याला कठडा लावला. शेवटी फळ्या मुताने कुजू नयेत म्हणून मी सिदूच्या गॅरेजातून जळकं ऑइल आणलं, इंजिनातून काढलेलं काळंभोर, आणि फळ्यांना दोन हात दिले. आमच्याकडे दारांना, खिडक्यांना, सगळ्या लाकडाला तेच लावतात, वाळवी फिरकत नाही.

“ह्याचा वास लई घान येतुया,” आत्ती म्हणाली. “कोकरांस्नी चालंल का बघ.”

“आत्ती, तुमाला कशाचा वास येत न्हाई तेवढं सांगा,” मी म्हणाले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वाडा निघाला आणि आम्हीही निघालो. तात्यांनी येऊ दिलं, पण अटी घालून. गाडी वाड्याच्या मागे राहील, वाडा गाडीसाठी थांबणार नाही, आणि दुसऱ्या कुणाचं काडीभर सामान तिच्यात जाणार नाही. ती बंद पडली तर आम्हा दोघींचं आम्ही बघून घ्यायचं. मी बरं म्हणाले. घोड्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये चाललं की इंजिन तापायचं, म्हणून मी वाडा दूर जाऊ द्यायचे आणि मग एका दमात त्याला गाठायचे. रस्त्यात बायका पदराआडून हसायच्या. कोंडाकाकी डोक्यावर गाठोडं घेऊन गुडघे धरत चालायची आणि गाडी जवळून गेली की धूळ झटकल्यासारखं करायची. आत्ती काचेतून सरळ समोर बघत बसायची. तिने मला ‘सीट चांगली झाली’ असं एकदाही म्हटलं नाही.

पाटण ओलांडल्यावर आम्ही एका शेतात चार दिवस मेंढरं बसवली. शेतकऱ्याला खत मिळतं, आम्हाला भात. त्या चार दिवसांत मेंढ्या व्यायला लागल्या त्या थांबेचनात. पाच बिऱ्हाडांची मिळून एकतीस कोकरं झाली. आत्तीला चालता येत नव्हतं, म्हणून ती वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणापाशी, पोतं टाकून दिवसभर बसून असायची. बाकीच्या बायका पाणी, सरपण, भाकऱ्या यांच्या मागे होत्या.

आमच्यात कोकरं घोडीच्या पाठीवर बांधून नेतात. पण पाच बिऱ्हाडांच्या घोड्यांवर एकतीस कोकरं बसेनात, आणि पुढे कोयनेचं खोरं, मग घाट. पाचव्या सकाळी तात्या गाडीपाशी आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, टायरकडे बघून बोलले. “कोकरं वर ठिवा. घाट उतरूस्तवर.”

मला इतका आनंद झाला की मी सगळी कोकरं एकेक करून स्वतःच्या हाताने माळ्यावर ठेवली. ऊन पडलं होतं, फळ्या तापल्या होत्या, कोकरं एकमेकांना चिकटून झोपली. तासाभरात आम्ही हेळवाकला पोचलोसुद्धा. घाटाच्या अलीकडचा तो मुक्काम. वाडा यायला दुपार टळली. मी दिवसभर गाडीच्या बॉनेटवर रुबाबात बसून होते.

संध्याकाळी मेंढ्या चरून आल्या. ही वेळ मला फार आवडायची. मेंढ्या लांबूनच हाका मारतात, कोकरं उत्तर देतात, आणि दोन मिनिटांत प्रत्येक कोकरू आपल्या आईच्या कासेला लागतं. कुणाला काही करावं लागत नाही. त्या दिवशीही कोकरं धावली. मेंढ्यांनी त्यांना हुंगलं आणि डोक्याने ढकलून दिलं.

आधी वाटलं एखादीच आहे. मग सगळ्याच. मेंढी हाका मारत होती, समोर तिचंच कोकरू उभं होतं, ती त्याला हुंगायची, मागे सरायची, आणि पुन्हा दुसरीकडे तोंड करून हाका मारायची. कोकरू कासेशी गेलं की लाथ. माझ्या नवऱ्याने एक कोकरू उचललं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या अंगाला जळक्या ऑइलचा वास येत होता. सगळ्यांच्याच पोटाला काळे डाग पडले होते.

मेंढी पोराला वासावरून ओळखते, हे मला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं. धनगराच्या पोरीला हे कुणी शिकवत नाही. आणि मी एकतीस कोकरांच्या अंगावरून त्यांच्या आयांचा वास पुसून टाकला होता.

सगळा वाडा धावपळ करायला लागला. कुणी राख चोळली, कुणी ओल्या फडक्याने पुसलं, कुणी मेंढीचं दूध काढून कोकराच्या पाठीला लावलं. वास जाईना. चार-पाच मेंढ्यांना पाय धरून पाजवलं, पण सोडलं की त्या पळायच्या. तात्यांची स्वतःची अकरा कोकरं होती. ते ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, की उद्या सकाळी गाडी माघारी गावाला जाईल, आणि तिच्यात बसून जे आलं ते तिच्यातूनच जाईल.

मी आत्तीकडे बघितलं. ‘वास येतुया म्हनलं हुतं न्हवं’, एवढं बोलायचा तिला पूर्ण हक्क होता, आणि असली संधी तिने आयुष्यात सोडली नव्हती. ती काही बोलली नाही. ती काठी टेकत जाळीपर्यंत गेली आणि मेंढ्यांकडे बघत उभी राहिली.

सकाळी उजाडताना कोकरांचे आवाज बसले होते. वाड्याने घोडी लादायला घेतली नव्हती. तात्या सगळ्यांच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “आज वाडा थांबंल. कोकरं जगली पायजेत.”

सगळ्यांना बरंच वाटलं असणार. चूक माझी होती, तोंड लपवायची वेळ होती, पण मला राहवेना.

“तात्या,” मी म्हणाले, “वाडा थांबतुया व्हय?”

त्यांना कळलं नाही.

“मल्हारपेठंच्या रस्त्याला मला कळा सुटल्या तवा तुमी काय म्हनला हुता?”

माझा नवरा खाली बघायला लागला.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, पहिलटकरीण. भर रस्त्यात कळा आल्या आणि तात्या म्हणाले की वाडा थांबत नसतो. नवऱ्यालाही मेंढरांबरोबर जावं लागलं. वाडा वळणाआड गेला आणि माझ्याजवळ एकटी आत्ती आणि आमची घोडी राहिली, एका पडक्या वीटभट्टीच्या छपराखाली. दोन दिवस मी अडले होते. ती रस्त्यावर उभी राहून गाड्यांना हात करायची, एकही थांबली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझी लेक आपल्या हाताने बाहेर काढली, विळा चुलीत तापवून नाळ कापली. चौथ्या दिवशी मला घोडीवर बसवलं, लेकीला आपल्या छातीशी बांधलं आणि स्वतः चालत निघाली. सहाव्या दिवशी आम्ही वाडा गाठला. पोचल्या पोचल्या ती मला म्हणाली होती, की घोडीवर बसायची रीत नाही तुला, पोक काढून बसतीस. त्यानंतर त्या दिवसांचा तिने कधी उल्लेख केला नाही, मीही केला नाही.

“मानसासाठी न्हाई थांबला,” मी तात्यांना म्हणाले, “आनि कोकरांसाठी थांबतुया. मला फकस्त इचारायचं हुतं.”

तात्यांचा चेहरा उतरला. ते काहीतरी बोलणार होते, पण आत्ती जाळीपाशी पोत्यावर बसली होती, तिथून तिने आवाज दिला.

“भावजी, थांबू नगा. वाडा हालवा. एकतीस मेंढ्या आनि धुळा एवढं ऱ्हाऊ द्या मागं. बाकीचं तुमी व्हा फुडं.”

“आनि कोकरं मेली तर?”

“मरत न्हाईत. आनि आमी बी मागं ऱ्हात न्हाई. आमच्याजवळ गाडी हाय.”

धुळा म्हणजे माझा नवरा. तात्यांनी एकदा गाडीकडे बघितलं. मग मान हलवली. वाडा तासाभरात निघाला. कोंडाकाकी जाताना मागे वळून वळून बघत होती.

वाडा दिसेनासा झाल्यावर आत्ती मला म्हणाली, “त्ये तुझं काळं त्याल हाय का डब्यात?”

होतं. इंजिनात घालायच्या चांगल्या ऑइलशेजारी एका डब्यात उरलेलं जळकं ऑइल मी आणलं होतं.

“आन. एकेका मेंढीच्या नाकाला बोटभर लाव. जास्ती नगं.”

मला तेव्हा उमगलं. वास कोकराच्या अंगावरून जात नसेल, तर तोच वास आईच्या नाकात घालायचा. मग तिला सगळं जग एकाच वासाचं. पण त्यात एक घोळ होता. मेंढी मग कुठलंही कोकरू घेईल, एकीला दोन-दोन लागतील आणि कुणी उपाशी राहील. म्हणजे ज्याचं त्याला माणसानेच जोडून द्यायला हवं. एकतीस कोकरं, निम्मी काळी, तीन-चार दिवसांची, एकमेकांसारखी. त्यांना त्यांच्या आयाच ओळखायच्या, म्हणून आम्ही कुणी नीट बघितलंच नव्हतं.

आत्तीने बघितलं होतं. चार दिवस वाघरीपाशी बसून तिच्याकडे दुसरं कामच नव्हतं. प्रत्येक मेंढी तिच्या डोळ्यांसमोर व्याली होती.

“कान फाटकी आन. हां. तिचं त्ये कपाळावर ठिपकावालं. न्हाई, त्ये न्हवं, त्याचा ठिपका मोठा हाय. त्याच्या मागलं.” नवरा मेंढी धरायचा, मी नाकाला ऑइल लावायचे आणि कोकरू कासेशी न्यायचे. मेंढी हुंगायची, गोंधळायची, पुन्हा हुंगायची. मग कोकराची शेपटी हलायला लागायची. ती हलली की आत्ती पुढची मेंढी सांगायची. मध्येच मला म्हणायची की बोटभर म्हणजे एवढं नव्हे, बाई, रंग देतेस का. मी उलट बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं सांगता येत नाही.

ऊन डोक्यावर यायच्या आधी एकतिसावी शेपटी हलली.

मग मी माळ्यावर पालापाचोळा आणि मेंढरांच्या बसायच्या जागची माती जाड पसरली. ते मी आधीच करायला हवं होतं. खाली हौद्यात सोळा मेंढ्या चढवल्या, वर त्यांचीच सोळा कोकरं, म्हणजे मेंढीने मान वर केली की नाकाशी आपलं पोर. पाट्यांमध्ये वाढवलेल्या पट्ट्या कुरकुरल्या, पण गाडी बसली नाही. नवरा उरलेल्या मेंढ्यांपाशी थांबला. आत्ती पायरीवरून चढली आणि सीटवर बसली. मी स्टार्टर मारला.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर वाडा दिसला. पुढे घोडी, मग बायका, मग मेंढरांची लांबच लांब रांग, आणि सगळ्यात पुढे तात्या. मी हळू केली. आत्तीने हात लांब करून स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. मेंढरं कडेला झाली. तात्या कडेला झाले. गाडीतल्या मेंढ्या ओरडत होत्या, माळ्यावरची कोकरं त्यांना उत्तर देत होती, आणि आम्ही सगळ्या वाड्याच्या डाव्या अंगाने पुढे गेलो. तासाभराने मी रिकामी गाडी घेऊन वर जाताना त्यांना पुन्हा भेटले, आणि दुसरी खेप घेऊन उतरताना तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी बायकांनी हसायचं सोडलं होतं. एका पोरीने हात हलवला.

वाडा पोफळीला उतरला तेव्हा दिवस कलला होता. वाघरी लावून झाल्या होत्या. एकतीस मेंढ्या आत बसून रवंथ करत होत्या, कोकरं त्यांना खेटून झोपली होती. तीन दगडांवर मोठ्या पातेल्यात सगळ्या वाड्याचा चहा उकळत होता. आत्ती पातेल्याशेजारी पोत्यावर बसली होती.

तात्या घामाने भिजले होते. त्यांनी आधी कोकरं बघितली, स्वतःची अकराच्या अकरा मोजली. मग आत्तीसमोर येऊन उभे राहिले.

“लई येळ लावला, भावजी,” आत्ती म्हणाली आणि कप पुढे केला.

त्यांनी तो घेतला आणि उभ्यानेच प्यायला. गाडी माघारी जायची गोष्ट त्या संध्याकाळी निघाली नाही, आणि नंतरही कधी निघाली नाही.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. आत्ती त्यानंतर नऊ वर्षं वाड्याबरोबर फिरली, तिच्या शेवटच्या हिवाळ्यातसुद्धा. लोक मला त्या घाटातल्या हॉर्नबद्दल विचारतात, तो सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते.

घोडी लादून झाली होती. मी गाडीचं पाणी बघत होते. कोंडाकाकी डोक्यावर गाठोडं घेऊन आली आणि गाडीच्या दारापाशी उभी राहिली. तिचे दोन्ही गुडघे सुजून टम्म झाले होते. ते कधीपासून तसे होते कोण जाणे, आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. पन्नास पावलांवर तात्या उभे होते, तिकडे तिने बघितलंही नाही. तिने गाठोडं आधी आत टाकलं, मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन पायरी चढली.

तात्यांनी ते बघितलं. काठी उचलून त्यांनी मेंढरांना हाक दिली आणि ते चालायला लागले.

आत्ती सीटवर सरकून बसली.

“ये,” ती कोंडाकाकीला म्हणाली. “दोगींची जागा हाय.”